तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळा कशा पारखाव्यात

एप्रिल लागला की कोकणातल्या मंडणगडसारख्या लहान तालुक्यात घरोघरी एकच विषय निघतो: पोराला कुठल्या शाळेत घालायचं? सल्ला देणारे सांगतात, अमक्या शाळेला नवा रंग दिलाय, तमक्या शाळेत डिजिटल फळा बसलाय. हा सल्ला कानाआड करा. गेली कित्येक वर्षं मी नात्यातल्या, ओळखीतल्या पालकांबरोबर शाळा बघत फिरतोय. रंग बघून निवडलेली शाळा दोन वर्षांत बदलावी लागते, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

जवळच्या शाळांची यादी करा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी. कोकणात मात्र वाट चालून बघा. मध्ये वहाळ, म्हणजे ओढा, असला तर जुलैत ते अंतर दुप्पट होतं.

आकडे बघा. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो २७ने सुरू होतो. त्यावरून पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं सगळं इंटरनेटवर सापडतं. शिक्षकांचा आकडा मात्र गावात जाऊन विचारायचाच. कागदावर दोन शिक्षक असतात आणि त्यांतला एक कामगिरीवर दुसऱ्या शाळेत गेलेला असतो. मग पाच वर्ग आणि एक बाई, अशी ती शाळा चालते.

मुलांचं वाचन ऐका. निवड ठरते ती इथे, आणि मी फसलो तेही इथेच. पहिल्यांदा एका शाळेत गेलो तेव्हा तिसरीच्या मुलीने मराठीचा धडा न अडखळता वाचून दाखवला. मी खूश होऊन भाच्याचं नाव तिथे घालायला सांगितलं. पुढच्या वर्षी भाचा माझ्यासमोर तसाच घडाघडा वाचत होता. मी सहज पान उलटलं, तरी त्याचं आधीचंच पान चालू होतं. सगळं पाठ होतं. त्याला एक शब्द बोटाने दाखवला तर तो गप्प बसला. त्या मुलाचं एक वर्ष माझ्यामुळे गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पाठ्यपुस्तक कधीही वापरू नका. आठ-दहा ओळींचा साधा उतारा घरी स्वतः लिहा, दुसरीच्या मुलाला झेपेल असा, चार-पाच जोडाक्षरं असलेला, मोठ्या अक्षरात. सगळ्या शाळांत तोच उतारा न्या. उतारा बदलला तर तुलना संपली. मुख्याध्यापकांना आधी भेटून परवानगी घ्या. ‘सर, आमचं मूल इथे घालायचा विचार आहे, तिसरीच्या मुलांबरोबर थोडं बसू का?’ असं सरळ विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. प्रजासत्ताक दिन, स्नेहसंमेलन असले दिवस टाळा. शनिवारही नको, त्या दिवशी शाळा सकाळची असते.

शिक्षकांनी पुढे केलेल्या हुशार मुलावर थांबू नका. हजेरीतलं दर तिसरं नाव घ्या. वर्गात सहाच मुलं असतील तर सहाही जणांना वाचायला द्या. खाली, मुलाच्या शेजारी बसा. वाचून झालं की गोष्टीत काय झालं ते विचारा. ‘ण’चा ‘न’ झाला, बोलीतला उच्चार आला, तर ती चूक धरू नका. अर्थ सांगता आला म्हणजे वाचता आलं. मग ५२ मधून २७ वजा करायला द्या. हातचा घेता येतो की नाही ते लगेच कळतं.

आणि टक्केवारी काढू नका! चार मुलांच्या वर्गात एक मूल अडलं की पंचवीस टक्के खाली येतात. त्यातून काहीच कळत नाही. किती मुलांनी वाचलं आणि किती जण अडले, एवढंच वहीत लिहा. शिष्यवृत्तीचा निकाल सांगितला तर वर्गातली किती मुलं परीक्षेला बसली होती तेही विचारा. दोनच बसवून दोन्ही पास, हा शंभर टक्के निकाल मी ऐकलेला आहे.

अडलेल्या मुलाकडे बाई कशा बघतात, हेही टिपा. एका एकशिक्षकी शाळेत पाचवीची मुलगी पहिलीच्या मुलाला अक्षरं गिरवून देत होती आणि बाई तिसरीजवळ बसल्या होत्या. इमारतीला गळती होती, तरी उतारा सगळ्यांनी वाचला. मी तीच शाळा सुचवली.

पोषण आहाराच्या वेळी थांबा. ताटात डाळ किती आणि पाणी किती, ते दिसतंच.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईशी बोला. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शेवटची बैठक कधी झाली आणि तीत काय ठरलं, एवढंच विचारा.

दाखला काढायच्या आधी पुन्हा एक फेरी मारा. उन्हाळ्यात बदल्या होतात. ज्या बाईंकडे बघून शाळा ठरवली, त्या जूनमध्ये तिथेच आहेत ना, हे बघून मगच नाव घाला.