आपोआप सौदे करणारा प्रोग्राम लिहायचाय? भाषा अशी निवडा

आधी कागदावर एक आकडा मांडा: तुमचा प्रोग्राम दिवसातून किती वेळा निर्णय घेणार? शेअर बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे 375 मिनिटं. 15 मिनिटांच्या कँडलवर (म्हणजे दर 15 मिनिटांतल्या भावांच्या नोंदीवर) काम करणार असाल तर दिवसाला 25 निर्णय. एवढ्यासाठी सी प्लस प्लससारख्या वेगवान भाषेची गरज नाही. फोंड्याहून ऑर्डर मुंबईला पोचायला जो वेळ जातो, त्यापुढे पायथनसारख्या संथ भाषेने हिशेबाला घेतलेला वेळ किरकोळ आहे. मायक्रोसेकंदांची शर्यत एक्स्चेंजच्या शेजारी सर्व्हर ठेवणाऱ्या कंपन्यांची. घरी बसून त्यात उतरू नका.

मग ब्रोकरकडे बघा. त्याच्या एपीआयची (म्हणजे तुमचा प्रोग्राम ब्रोकरच्या यंत्रणेशी ज्यातून बोलतो त्या सोयीची) अधिकृत लायब्ररी, म्हणजे तयार कोड, तुमच्या भाषेत आहे का? झिरोधा या ब्रोकरच्या काइट कनेक्ट या एपीआयला पायथन, जावा, गो, सी शार्प अशा बऱ्याच भाषांत ती मिळते. नसेल, तर लॉगिनपासून वेबसॉकेटपर्यंत (भाव सतत येत राहणारी जोडणी) सगळं तुम्हालाच लिहावं लागेल, आणि ब्रोकरने काही बदललं की दुरुस्तीही तुमच्याच गळ्यात.

नव्याने शिकणाऱ्याला मी पायथनच सांगतो. त्यातली पांडाज ही लायब्ररी वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये एका गुंतवणूक कंपनीत असताना आर्थिक आकडेवारीसाठीच लिहायला घेतली. जुन्या भावांवर डावपेच तपासायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं मला सापडलेलं नाही. पण नोकरीत रोज जावा लिहीत असाल, तर जावाच घ्या. भर बाजारात प्रोग्राम अडला की दोन मिनिटांत चूक वाचता येईल, ती भाषा तुमची.

निवडलेल्या भाषेत एक गोष्ट लगेच करून बघा: 0.1 अधिक 0.2. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, तिन्हींत उत्तर 0.30000000000000004 येतं. आता 647.35 ला घेतलेल्या शेअरला 2 टक्के खाली स्टॉपलॉस लावा, म्हणजे भाव तिथवर पडला की शेअर विकायची ऑर्डर. हिशेब येतो 634.403. ज्या शेअरचा भाव 5-5 पैशांनी सरकतो, त्याला ही ऑर्डर चालत नाही, परत येते. आणि तुम्ही समजता स्टॉपलॉस लागलाय. म्हणून भाव पूर्णांकात, पैशांत ठेवा: 64735. गुणाकार झाला की 5 च्या पटीत आणा, म्हणजे 63440.

दुसरा धडा मला जुलैतल्या पावसाने दिला. अकराच्या सुमारास लाईट गेली, राऊटर बंद. वीज आल्यावर माझा प्रोग्राम कोऱ्या पाटीने सुरू झाला आणि हातात असलेलाच शेअर त्याने पुन्हा घेतला. भाषा कुठलीही असो, सुरू होताच प्रोग्रामने आधी ब्रोकरला विचारायला हवं: माझ्या नावावर आत्ता काय आहे?

तेव्हापासून प्रोग्राम मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर असतो. तसंही बाजार नियामक सेबीच्या फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाप्रमाणे एपीआयवरून येणाऱ्या ऑर्डरला नोंदवलेला स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) लागतो, आणि घरच्या इंटरनेटचा आयपी सहसा बदलत राहतो.

महिनाभर खोट्या पैशांवर चालवा. मग एकाच शेअरची खरी ऑर्डर द्या आणि मुद्दाम प्रोग्राम बंद करून परत सुरू करा. तो एक शेअर त्याला दिसला, तरच दुसरा घ्या.