बसलं की दुखतं, झोपलं की थांबतं : कॉन्ट्रास्ट एमआरआयला जाण्याआधी

माझी मावशी इंदूरला रामबागेत राहते. मागच्या हिवाळ्यात तिचं डोकं दुखायला लागलं, म्हणजे सकाळी पोह्यांची प्लेट घेऊन बसली की दहा मिनिटांत मानेपासून ठणका सुरू, आडवी झाली की हळूहळू कमी. कोणी मायग्रेन म्हणालं, कोणी चष्म्याचा नंबर. एमआरआयच्या पर्चीवर नुसतं 'डोकेदुखी' लिहिलेलं, सेंटरवाल्यांनी साधा स्कॅन केला, रिपोर्ट नॉर्मल, आणि दोन महिने वाया गेले. तुमचं असं होऊ नये म्हणून लिहितेय.

मेंदू आणि मणक्याभोवती जे पाणी असतं ना, सीएसएफ, ते मोठ्या माणसात साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार होतं. हे पाणी धरून ठेवणारं मेंदू-मणक्याभोवतीचं आवरण असतं, मणक्यापाशी त्याला बारीक चीर पडली की ते गळतं, आणि कवटीत पाणी कमी झालं की ती जागा रक्त भरून काढतं, शिरा फुगतात, आवरणातही रक्त वाढतं. कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियमचं इंजेक्शन, ते शिरेतून तिथे पोचतं आणि आवरण सगळीकडे एकसारखं पांढरं चमकतं. मेंदू खाली सरकलेला साध्या स्कॅनमधेही दिसू शकतो, पण ही चमक कॉन्ट्रास्टशिवाय नीट कळत नाही.

तर सगळ्यात आधी पर्चीवर लिहून घ्या : 'बसल्यावर वाढते, आडवं झाल्यावर कमी होते, सीएसएफ गळतीची शंका, ब्रेन कॉन्ट्रास्टसकट'. डॉक्टर घाईत असले तरी हे एवढं मागाच, कारण रेडिऑलॉजिस्ट काय शोधायचं ते त्यावरूनच ठरवतो. मणक्याचाही एमआरआय करायचा का तेही तेव्हाच विचारा. आणि पाठीतून पाणी काढायचं ठरत असेल तर एमआरआय आधी करता येईल का ते विचारा, कारण सुई टोचल्यानंतरही आवरण तसंच चमकू शकतं, मग गोंधळ होतो.

क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत ठेवा. किडनी खूप कमजोर असेल, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली, किंवा डायलिसिस चालू असेल तर आधी सांगायचं. पेसमेकर, डोक्यातली क्लिप, प्रेग्नन्सी, आधी कॉन्ट्रास्टची रिअ‍ॅक्शन आली असेल तर तेही. मावशीचं मंगळसूत्र काढलं, बांगड्या साबण लावून निघाल्या, पण केसांतली एक पिन राहिलीच होती, ती दारात सापडली, म्हणून घरीच नीट बघा. हातात सुई लावतात, आधी काही फोटो, मग इंजेक्शन, मग परत फोटो. हलायचं नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी गळती नाहीच असं नाही, काही पेशंटमधे ब्रेनचा स्कॅन नॉर्मलच असतो, लक्षणं तशीच असली तर न्यूरोलॉजिस्टकडे परत जा. मावशीच्या दुसऱ्या स्कॅनमधे आवरण चमकलं, मग गळती बुजवायला तिचंच रक्त काढून पाठीत सोडलं, ब्लड पॅच म्हणतात त्याला.

ताप, मान आखडणं, गुंगी, झटके असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ एमवायची (इंदूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळची कॅज्युअल्टी गाठा.

आणि घरातल्या आजोबांचे पाय चालताना जमिनीला चिकटत असतील, लघवी सुटत असेल, विसरायला होत असेल, तर तो गळतीच्या उलट, मेंदूत पाणी साठण्याचा आजार असू शकतो, त्यात बहुतेकदा साधा एमआरआय पुरतो, नंतर पाठीतून ३० ते ५० मिली पाणी काढून चाल सुधारते का बघतात. आधीच्या स्कॅनची सीडी मात्र दोन्ही आजारांत सोबत न्या, नुसता कागद नको.