ओरल बायॉलॉजीत पीएचडी-पोस्टडॉकला निघताय? मग ही तयारी करा

बीडीएस नाहीतर एमडीएस करून अमेरिकेत ओरल बायॉलॉजीच्या पीएचडीला निघालेल्यांनी ट्रेनिंगची ध्येयं जायच्या आधीच लिहायला घ्या, आणि अशी लिहा की कुणी "झालं का?" विचारलं तर हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येईल. "मायक्रोबायोम (तोंडातल्या जंतूंचं सगळं गणगोत) शिकणार" ही नुसती इच्छा झाली. "पहिलं वर्ष संपेपर्यंत पोर्फिरोमोनास जिंजिवॅलिस (हिरड्यांच्या आजारातला जिवाणू) एकट्याने वाढवता येईल आणि कल्चरमध्ये भलतंच काही उगवलं तर ओळखता येईल" हे ध्येय. या जिंजिवॅलिसबाईला ऑक्सिजन चालत नाही, हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेलं मीडियम लागतं, ब्लड अगारवर काळ्या कॉलनी दिसायला आठवडा-आठवडा जातो, त्यामुळे ई. कोलायसारखं रात्री लावलं सकाळी उगवलं असं होणार नाही, कॅलेंडर त्या हिशोबाने आखा.

हाताचं काम आपल्याला, म्हणजे डेंटिस्टांना, लवकर जमतं हे खरंय, पण धोकापण त्यातच आहे. उंदराच्या इवल्याशा दाढेला रेशमी धागा बांधून पेरिओडॉन्टायटिस (हिरड्या आणि दाताभोवतीच्या हाडाचा आजार) करायचा असेल तर डेंटिस्टला बोलवतात, मग सगळ्या लॅबचे धागे तुम्हीच बांधत बसता, चार पेपरांत मधे कुठेतरी नाव येतं आणि स्वतःचा प्रश्न तसाच राहतो. म्हणून यादीत जमणाऱ्या गोष्टी कमी आणि न जमणाऱ्या जास्त ठेवा.

त्यात सगळ्यात वर स्टॅटिस्टिक्स, आणि तेसुद्धा तोंडाचं. एका पेशंटच्या २८ दातांना प्रत्येकी सहा जागी प्रोब (हिरडीची खोली मोजायची सळई) घातला की १६८ आकडे मिळतात, पण पेशंट एकच असतो ना! ते आकडे एकमेकांशी बांधलेले असतात, सिगारेट एकच माणूस ओढतोय, डायबेटिस त्यालाच आहे, आणि तरी १६८ स्वतंत्र नमुने समजून टी-टेस्ट लावली की पी व्हॅल्यू (फरक नुसता योगायोग नाही ना, हे ठरवायचा आकडा) मस्त येते, फक्त खोटी असते. उंदराच्या डाव्या-उजव्या दाढेचंही तेच. मिक्स्ड मॉडेल (एकाच पेशंटचे आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत हे हिशोबात धरणारी पद्धत) काय असतं ते समजून आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः चालवता येणं, हे माझ्या मते पहिल्या दोन वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं ध्येय, सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं) वगैरे त्यानंतर.

लाळ फुकट मिळते म्हणून सोपी वाटते, पण किती वाजता घेतली, आधी काही खाल्लं होतं का, चघळायला देऊन घेतली की आपोआप साठलेली, लगेच बर्फात ठेवली का, या सगळ्याने रिझल्ट बदलतो, तेव्हा स्वतःचा लेखी प्रोटोकॉल हवाच. आणि एथिक्सची मंजुरी आल्याशिवाय मित्राचीही लाळ घ्यायची नाही.

किरकोळ कागद म्हणजे हेपेटायटिस बी लसीचा दाखला, प्राण्यांवर काम करायचं ट्रेनिंग, आणि संशोधनातल्या नैतिकतेचा कोर्स. एनआयएच या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या फेलोशिपवर असलेल्यांना तो किमान ८ तासांचा लागतो आणि नुसता ऑनलाइन करून भागत नाही.

पैशाचं मात्र नीट वाचा. एनआयएचच्या टी३२, एफ३१, एफ३२ या ट्रेनिंगच्या ग्रँट नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर त्या ग्रँट हिशोबात धरूच नका. के९९ ला (पोस्टडॉकमधून स्वतःच्या लॅबकडे जायला मदत करणारी एनआयएचची ग्रँट) परदेशी पोस्टडॉकही अर्ज करू शकतात, पण पोस्टडॉकची चार वर्षं व्हायच्या आत, म्हणून पोस्टडॉकची ध्येयं त्या तारखेपासून उलटी मोजत या. पहिला पेपर कधी, प्राथमिक डेटा कधी, आणि यातला कुठला भाग मी माझ्या लॅबला घेऊन जाऊ शकतो हे पीआयला (लॅबच्या प्रमुखाला) सुरुवातीलाच विचारून ईमेलवर घ्या, अवघड वाटतं पण नंतर विचारणं त्याहून अवघड.

आणि परत येऊन सबम्युकस फायब्रोसिसवर (सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासं होतं तो आजार) काम करायचं मनात असेल, महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी असली तरी सुपारी काही सुटलेली नाहीये, तर इथल्या कॉलेजमधल्या सरांशी किंवा मॅडमशी निघायच्या आधी बोलून ठेवा. तिकडे बहुतेक लॅबना असे पेशंट क्वचितच दिसतात, टिश्यू इथूनच लागणार, आणि परदेशी लॅबबरोबर काम म्हटलं की कॉलेजच्या एथिक्स कमिटीशिवाय आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचीही परवानगी लागते. त्याला वेळ लागतो, त्यामुळे हे काम तिसऱ्या वर्षावर ढकलू नका, पहिल्याच वर्षात टाका.