टेबलच्या स्तंभांना गटाने रंग द्या

चर्चगेट-विरार लोकलचं वेळापत्रक एचटीएमएल टेबलमध्ये मांडताय? पहिला स्तंभ स्थानकांचा, पुढचे तीन धिम्या गाड्यांचे, नंतरचे तीन जलद गाड्यांचे असतील, तर सेलगणिक क्लास लावत बसू नका. कॅप्शन (टेबलचं शीर्षक) झाल्यावर, टीहेडच्या (शीर्षक-ओळींचा भाग) आधी तीन कोलग्रुप, म्हणजे स्तंभांचे गट करणारे टॅग, लिहा. स्पॅन, म्हणजे गटातल्या स्तंभांची संख्या, अनुक्रमे १, ३, ३. मग सीएसएसमध्ये प्रत्येक गटाला एकदाच बॅकग्राउंड द्या. फार सुटसुटीत काम होतं.

मात्र कोलग्रुपवर बॅकग्राउंड, रुंदी, बॉर्डर आणि व्हिजिबिलिटी एवढंच चालतं. बॉर्डर दिसायला टेबलवर बॉर्डर-कोलॅप्स (शेजारच्या सेलच्या कडा एकत्र करणारी सेटिंग) हवंच. अक्षरांचा रंग किंवा टेक्स्ट-अलाइन (मजकूर डावीकडे-उजवीकडे लावणं) लागू होत नाही, कारण सेलला वारसा मिळतो तो ओळीकडून, स्तंभाकडून नाही. त्यासाठी एनथ-चाइल्ड (ओळीतला ठरावीक क्रमांकाचा सेल निवडणारा सीएसएस सिलेक्टर) वापरा. ओळीचा रंग स्तंभाच्या रंगावर चढतो, म्हणून पट्टेरी ओळी हव्या असतील तर त्यांचा रंग अर्धपारदर्शक ठेवा.