रेडॉन टेस्ट करून घेताय? मशीनचं सोडा, आधी खिडक्या बंद करा

न्यू जर्सीत सॉमरसेट, हंटरडन, मॉरिस, मर्सर अशा भागात घर घेत असाल तर रेडॉन टेस्ट करा हे एजंटने सांगितलंच असेल. ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) नकाशावर या काउंटी झोन १ मध्ये आहेत, म्हणजे घरातली सरासरी ४ पिकोक्युरी प्रति लिटरच्या (रेडॉन या मापात मोजतात) वर असण्याचा अंदाज. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा गॅस आहे हा, रंग नाही वास नाही, आणि अमेरिकेत फुफ्फुसाच्या कॅन्सरचं सिगारेटनंतरचं दोन नंबरचं कारण.

मी हे टेस्टिंगचंच काम करतो आणि ग्रुपवर "शेजाऱ्यांचं कमी आलंय, तुम्ही कशाला पैसे घालवता" असले सल्ले वाचून डोकं फिरतं. शेजारच्या घरावरून तुमच्या घराचं काहीही कळत नाही, खालची माती वेगळी, घराच्या तळाच्या काँक्रीट स्लॅबच्या भेगा वेगळ्या. १९८४ मध्ये पेन्सिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे इंजिनियर अणुवीज प्रकल्पावर कामाला गेले की गेटवरचा रेडिएशन अलार्म वाजायचा, प्रकल्पाचं तर अजून बांधकामच चालू होतं, शेवटी त्यांचं घर तपासलं तेव्हा तिथे २,७०० च्या आसपास पिकोक्युरी निघालं.

माणूस निवडताना स्टेट डीईपीचं (राज्याचं पर्यावरण खातं) सर्टिफिकेशन बघा, न्यू जर्सीत ते कंपल्सरी आहे. आणि जो टेस्ट करतो तोच "जास्त आलं तर रेडॉन बाहेर काढायचा पाइपही मीच बसवतो" म्हणाला तर सरळ दुसरा शोधा.

मशीन कंटिन्युअस मॉनिटरच मागा. रेडॉन शोषून घेणारा कोळशाचा डबा स्वस्त पडतो, पण तो ४८ तासांचा मिळून एकच आकडा देतो, मध्ये कोणी काय केलं ते त्याला सांगता येत नाही. मॉनिटर दर तासाचा आकडा देतो, आणि घर विकत घेताना मला तेच हवं असतं.

आता खरी डोकेदुखी. टेस्टच्या आधी १२ तास आणि टेस्ट चालू असेपर्यंत पूर्ण वेळ घर बंद ठेवायचं. सुरुवातीला मला याच पायरीने सगळ्यात जास्त छळलं, कारण मशीन आपल्या हातात असतं, घर नसतं. बंद म्हणजे सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या, फक्त बेसमेंटच्या नाही. "वरची बेडरूमची खिडकी उघडली तर खाली काय फरक पडतो" हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. पडतो. थंडीत घरातली गरम हवा वर जाऊन बाहेर पडते आणि तितकीच हवा खालून, म्हणजे जमिनीतून ओढली जाते, त्यामुळे वरची खिडकी उघडली तर आकडा कधीकधी उलट वाढतोसुद्धा. कमी होवो नाहीतर वाढो, टेस्ट गेली.

आणि आपल्या लोकांची गंमत म्हणजे सकाळी उठून घर उघडं करायची सवय. एका घरी मुलाने सगळं नीट केलं होतं, दारावर सूचना लावली होती, पण आजींनी सकाळी सहाला उठून देवघराची खिडकी उघडलीच, देवघर होतं बेसमेंटमध्ये. ग्राफवर आकडा रात्रभर ७ च्या आसपास आणि मग एकदम धाडकन खाली, आणि खिडकी लावल्यावर परत वर चढायला कितीतरी तास. आजी म्हणाल्या, "कोंदट घरात देव ठेवायचे का?" मी काय बोलणार, टेस्ट पहिल्यापासून लावली. तेव्हा घरात जे जे कोणी आहे त्या प्रत्येकाला आधी सांगा, नुसतं मुलाला आणि सुनेला सांगून भागत नाही.

बाकी घाबरायचं काही नाही, येताना-जाताना दार उघडा, फक्त उघडं ठेवू नका. सेंट्रल हीटिंग किंवा एसी नेहमीसारखा चालू दे. फोडणीपुरता चिमणीचा फॅन लावला तरी चालतो. अख्ख्या घराची हवा खेचणारा पोटमाळ्यावरचा मोठा फॅन मात्र बंद, फायरप्लेस बंद (घर त्याच्यावरच गरम होत असेल तर गोष्ट वेगळी), खिडकीतला एसी बाहेरची हवा आत घेत असेल तर तोही बंद. घरात अजून विकणारेच राहत असतील तर त्यांना हे लेखी द्या आणि एजंटकडून होकार घ्या, तोंडी "हो हो" वर अजिबात विश्वास ठेवू नका, घर बघायला लोक येणार म्हटलं की पहिली गोष्ट ते खिडक्याच उघडतात. आणि वादळी वाऱ्याचा अंदाज असेल तर तारीख पुढे ढकला, क्लोजिंगची (घराचा व्यवहार पूर्ण करायची) कितीही घाई असो.

मॉनिटर ठेवायचा सगळ्यात खालच्या राहण्याजोग्या मजल्यावर, म्हणजे आई-बाबा सहा महिने येऊन जिथे झोपणार आहेत तिथे. किचन, बाथरूम, लाँड्री नको, जमिनीपासून निदान २० इंच वर, खिडकी-दारापासून ३ फूट लांब. एकदा ठेवला की हात लावायचा नाही.

रिपोर्टमध्ये नुसती सरासरी बघून खूश होऊ नका, तासातासाचा ग्राफ मागा. रात्री थोडा वर आणि दुपारी थोडा खाली हे नॉर्मल, पण मधेच आकडा कड्यावरून पडल्यासारखा एकदम खाली गेलेला दिसला तर विचारा. ४ किंवा वर आलं तर दुरुस्ती करायचीच, २ ते ४ मध्ये असेल तर विचार करा असं ईपीए म्हणते, मी म्हणतो बेसमेंटमध्ये कोणी झोपत असेल तर करून टाका. स्लॅबखालून पाइप आणि फॅन बसतो, त्यानंतर २४ तास झाल्यावर आणि ३० दिवसांच्या आत परत टेस्ट, परत त्याच बंद खिडक्या.

त्या पाइपवर यू आकाराची एक छोटी नळी असते, आत रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी वेगवेगळी दिसली की फॅन ओढतोय. सारखी दिसली तर फॅन बंद पडलाय, त्याच दिवशी फोन करा.