कोळशानंतरच्या गावांचे नियोजन : कोयनेच्या अनुभवातून या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात कोळशाची खाण नाही; तरीही विजेसाठी गावाला काय मोजावे लागते, हे पाटण आणि जावळी तालुक्यांना ठाऊक आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, पण पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ साली झाला, तेव्हा कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरून दशक उलटले होते आणि धरणग्रस्तांपैकी अनेकांवर आपला हक्क सिद्ध करणारे कागद जुळवण्याची वेळ नातवंडांच्या काळापर्यंत आली. २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आणि भोवतालच्या खाणी असलेल्या चंद्रपूरसाठी खाणी बंद झाल्यानंतरचा आराखडा करणाऱ्यांनी हा अनुभव समोर ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक खाण बंद झाल्यावर रोजगार गमावणाऱ्यांच्या यादीची आहे. कंपनीच्या हजेरीपटावरील कायम कामगार मोजले की काम संपले, असे समजले जाते. परंतु खाणीवर ठेकेदाराचा मजूर, ट्रकचालक आणि त्याचा क्लीनर, गॅरेजवाला, खानावळ चालवणारी बाई, खोल्या भाड्याने देणारे कुटुंब असे कितीतरी जण जगत असतात आणि त्यांतील बहुतेकांच्या हाती नेमणुकीचा कागद नसतो. यादी अपुरी झाल्याचे लक्षात आले, तर ठेकेदारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी आणि फाटकावरील प्रवेशपासांची नोंदवही मिळवावी, मग मसुदा ग्रामसभेत मोठ्याने वाचावा आणि हरकतींना पुरेशी मुदत द्यावी. हे सारे खाण चालू असतानाच व्हायला हवे, कारण ती बंद झाल्यावर ठेकेदार निघून जातो आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो.

दुसरी चूक पैशाची आहे. २०१५ पासून खाणपट्टाधारकांना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) प्रमाणात, खाणबाधित भागासाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठान या निधीला रक्कम द्यावी लागते : १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांसाठी ३० टक्क्यांपर्यंत, नंतरच्या लिलावातील पट्ट्यांसाठी १० टक्के. उत्खनन थांबले की हा ओघही आटतो; म्हणून आज तो केवळ रस्ते आणि सभामंडपांवर न खर्चता पाणी, आरोग्य आणि पर्यायी रोजगाराकडे वळवावा.

'सौर प्रकल्प येईल, रोजगार मिळेल' या आश्वासनावर आराखडा उभा करू नये. पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावरही पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मात्र असा प्रकल्प उभारताना लागणारी माणसे आणि तो चालवताना लागणारी माणसे यांत मोठी तफावत असते. कामांची संख्या, त्यांचा कालावधी आणि वेतन लेखी मागावे. प्रशिक्षणाचे वर्गही, नोकरी देणारा आधी निश्चित झाल्याखेरीज, सुरू करू नयेत.

जमिनीबाबत तर अधिक सावध राहावे. १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली घेतलेली जमीन उत्खनन संपल्यावर शेतकऱ्याकडे आपोआप परत येत नाही. ती कोणाला, कोणत्या अवस्थेत आणि किती वर्षांत मिळणार, याची अट खाण बंद करण्याच्या आराखड्यातच घालून घ्यावी.