नर-मादी मॉडेलमध्ये वंशनाशाची संभाव्यता काढताय? या चुका टाळा

साधं गॅल्टन-वॉटसन मॉडेल (प्रत्येक जीव इतरांपासून स्वतंत्रपणे, एकट्यानंच वंश वाढवतो असं धरणारं) पाठ असलं की हात आपोआप गुणाकाराकडे जातो: एकाचा वंश बुडण्याची संभाव्यता ०.५, तर तिघांचा ०.१२५. गणितज्ञ डेली यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या नर-मादी मॉडेलमध्ये हा गुणाकार चालत नाही. इथे पिढी जोड्यांनी मोजतात, आणि एका घरट्यातली मादी दुसऱ्या घरट्यातल्या नराशी जुळते. वंश स्वतंत्र उरतच नाहीत.

दुसरी चूक जास्त फसवी. समजा, प्रत्येक जोडीला नेमकी ३ पिल्लं, नर-मादीची शक्यता समसमान, आणि एका नराला एकच मादी. ‘३ पिल्लं म्हणजे दीड जोडी, वाढीचा दर एकपेक्षा जास्त, म्हणजे तगण्याची संधी आहे’ असं बरेच जण लिहून मोकळे होतात. एका जोडीपासून मोजून बघा. तीन पिल्लांतून फार तर एकच जोडी बनते, तीही ०.७५ संभाव्यतेनं, उरलेल्या ०.२५ मध्ये सगळे नर किंवा सगळ्या माद्या. दोन जोड्या कधी होणारच नाहीत, त्यामुळे वंशनाश अटळ! दोन जोड्यांपासून सुरुवात केली तर दर जोडीमागे सरासरी १.०३ जोड्या मिळतात आणि तगण्याची वाट उघडते. दीड हा आकडा फक्त जोड्या खूप असतानाचा, म्हणजे ‘दूरचा दर’. तो एक किंवा कमी असेल तर नाश नक्की. एकपेक्षा जास्त असेल तर सुरुवातीची संख्या विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुळणीचा नियमही गृहीत धरू नका. एक नर सगळ्या माद्यांना पुरतो असं धरलं, तरी दूरचा दर दीडच येतो. पण एका मादीपासूनची सरासरी ०.७५ ऐवजी १.१२५ होते, आणि तिथूनही वंश तगू शकतो.

‘शून्य’ कशाला म्हणायचं, हेही कोडमध्ये तपासा. फ्लोरिडातल्या डस्की सीसाइड चिमणीचे शेवटचे उरलेले पक्षी सगळे नर होते. शेवटचा १९८७ मध्ये मेला, पण जोड्यांचा हिशेब त्याआधीच शून्यावर आला होता. पक्षी मोजणारा प्रोग्राम अशा वेळी नाशाची पिढी उशिरा दाखवतो.

सिम्युलेशन पन्नास पिढ्यांवर थांबवून उरलेल्यांना ‘तगले’ म्हणणं तर सर्रास चालतं. दूरचा दर एकच्या आसपास असेल तर नाश फार सावकाश होतो. शून्य किंवा काहीशे जोड्या, यांतलं एक गाठेपर्यंत चालू द्या.